रूळ नसलेल्या लाइनचे स्टेशनमास्तर

अमेरिकेतली सगळ्यात शिस्तीची रेल्वे कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, आमच्या शेजारणीचे वडील चालवायचे ती. ती ओहायोत होती, सतरा मैलांची होती, आणि तिला इंजिन, डबे, रूळ यांपैकी काही म्हणता काही नव्हतं. असल्या किरकोळ कारणासाठी गाडी बंद ठेवणं काकांना मंजूर नव्हतं. दोन हजार चारच्या अख्ख्या उन्हाळ्यात त्यांची गाडी एकदाही नियम मोडून सुटली नाही, आणि त्या गाडीचा शेवटचा डबा मी होतो, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

तेव्हा मी कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये नोकरी करत होतो. लग्न व्हायचं होतं, स्वयंपाक येत नव्हता, आणि माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर नागपूरची मंजिरी राहायची. तिचा नवरा सोमवारी विमानाने कामावर जायचा तो गुरुवारी रात्री उगवायचा. घरात ती, सहा वर्षांचा मुलगा आणि तिची नोकरी. तरीही आठवड्यातून तीनदा तिच्याकडची पोळीभाजी माझ्या दारात यायची. अशा बाईचं कुठलंही काम नाकारायची माझी प्राज्ञा नव्हती. आई गेल्यानंतर एकट्या पडलेल्या वडिलांना त्या वर्षी तिनं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि मला सांगितलं, "यार, वीकेंडला बाबांना जरा बाहेर नेत जा. घरात बसून ते आम्हाला वेडं करतील." विदर्भातल्या एका नॅरोगेज लाइनवरच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर चौतीस वर्षं मास्तरकी केलेला हा माणूस बॅगेत लोणच्याच्या दोन बरण्या आणि डोक्यात रेल्वेचं नियमपुस्तक घेऊन उतरला होता. लोणचं विमानतळावर काढून घेतलं. नियमपुस्तकाचं कुणाला काही करता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मंजिरीच्या फ्रिजवर वेळापत्रक लागलं. स्कूलबस, टपालवाली, कचऱ्याची गाडी, जावई, सगळ्यांची येण्याची वेळ, जाण्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात उशीर. जावयाच्या नावापुढचा उशिराचा रकाना इतका भरला, की त्याला मागे कागद जोडावा लागला. स्कूलबसच्या ड्रायव्हरबाईला तर काकांनी रस्त्यात उभं राहून घड्याळ दाखवलं, "मॅडम, टुडे फोर मिनिट्स लेट. काहून?" ती बाई खूश. दुसऱ्या दिवसापासून बसचं दार उघडलं की ती आधी काकांना वेळ सांगायची आणि मग पोराला आत घ्यायची. पोरगा शरमेनं लाल व्हायचा. "आजोबा, यू आर सो एम्बॅरसिंग!" काका त्याला म्हणायचे, "हो बाप्पा, पण तू वेळेवर आहेस."

आणि मालगाडी! ग्रोसरीला जाताना फाटक लागलं की इतर लोक कपाळाला हात लावायचे. काका मला गाडी बाजूला घ्यायला लावून खाली उतरायचे, ताठ उभे राहायचे आणि डबे मोजायचे. एकशे बारा, एकशे सव्वीस. शेवटचा डबा गेला की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी पसरायची. "अरे, याच्या पाठीवर एलव्ही नाही!" आपल्याकडे शेवटच्या डब्याला लास्ट व्हेइकलची पाटी असते. ती दिसली तरच गाडी अख्खी आली, मधेच तुटून चार डबे मागे राहिले नाहीत, असं स्टेशनमास्तरनं समजायचं. "बिनाएलव्हीची गाडी यांनी सोडलीच कशी?" म्हणत ते गाडीत बसायचे आणि त्या काळजीत दुधाऐवजी ताक उचलून आणायचे.

मी त्यांना त्या रेल-ट्रेलवर नेलं ते निव्वळ वेळ घालवायला. डब्लिनपासून पाऊण तासावर, शेतांच्या मधून, एका बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून तिथं डांबरी सायकलवाट केली होती. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधूनच धान्याची उंच कोठारं, आणि सुरुवातीला जुना डेपो, म्हणजे तिथलं स्टेशन, ज्यात आता आइस्क्रीमचं दुकान होतं. मी काकांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. ते गाडीतून उतरले, वाटेकडे पाहिलं, चार पावलं चालले आणि थांबले. खाली वाकून डांबराला हात लावला. "अरे, ही लाइन होय," ते म्हणाले. "चढ पाहा कसा आहे, दिसतसुद्धा नाही. वळण पाहा. बैलगाडीचा रस्ता असा कधी वळते का?" मग डेपोकडे पाहिलं. तिकिटाच्या खिडकीतून एक मुलगी कोन देत होती.  मी विचारलं, "काका, आइस्क्रीम?" तर म्हणाले, "आमची लाइनही अशीच उखडून टाकली. तिथं सायकलवाटही नाही केली कुणी. बाभळी माजल्या आहेत." पुढच्या शनिवारी त्यांनी कुणाच्या तरी गराज सेलमधून टोपलीवाली लेडीज सायकल पैदा केली, आणि ओहायोतली ती बंद लाइन पुन्हा सुरू झाली.

आता माझे हाल ऐका. निवांत सायकल चालवणं, झाडाखाली बसणं, वाऱ्यावर डोलणारा मका पाहणं ही इतरांची चैन. आम्ही म्हणजे गाडी होतो. काका इंजिन आणि मी गार्डाचा डबा, म्हणून माझ्या पाठीवर सेफ्टीपिनांनी एलव्ही लिहिलेला पुठ्ठा. मागून येणारे गोरे आजोबा मला ओलांडताना विचारायचे, "लास व्हेगास?" आणि मी मान डोलवायचो, कुणाकुणाला समजावून सांगणार? वाटेवर जुन्या काळचे डब्ल्यू कोरलेले दगड अजून उभे होते. ती शिट्टी वाजवायची खूण आहे, हे त्या लाइनवर गेल्या पंचवीस वर्षांत फक्त काकांना माहीत होतं. ते गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकायचे. दगड आला, फुर्रर्र! पुढचे दोघंतिघं सायकलस्वार गवतात. जिथं मोटारींचा रस्ता आडवा यायचा तिथं सायकलींनी थांबायचं असतं, तशी चांगली मोठी पाटी असते. काका म्हणायचे, "गाडी रस्त्यासाठी थांबते का कधी? रस्ता गाडीसाठी थांबतो." आणि मंजिरीचा लाल किचन टॉवेल घेऊन ते रस्त्यात उभे. एकदा ट्रॅक्टरवरचा एक शेतकरी थांबला, इंजिन बंद केलं, आणि आमची दोन सायकलींची गाडी जाईपर्यंत टोपी काढून बसून राहिला. काकांनी पलीकडे गेल्यावर त्याला हिरवा नॅपकिन दाखवला. बिचाऱ्यानं सलाम केला.

या सगळ्यावर कडी म्हणजे गोळा. एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मध्ये एकच लोखंडी गोळा, म्हणजे टोकन, फिरतो. तो ज्याच्या हातात त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरणार. पुढच्या स्टेशनवर गोळा पोचवला की लाइन मोकळी. वेताच्या मोठ्या कड्याला पिशवी बांधून त्यात तो गोळा ड्रायव्हरच्या हाती देतात. काकांनी जुन्या बॅडमिंटन रॅकेटची जाळी कापून कडं केलं, नातवाचा मोजा त्याला बांधला आणि मोज्यात टेनिसचा बॉल घातला. दर क्रॉसिंगला ते सायकलवरून उतरून ड्रायव्हर म्हणून गोळा द्यायचे, स्टेशनमास्तर म्हणून घ्यायचे, कानाला मूठ लावून पुढच्या स्टेशनला फोन करायचे, आणि पुढच्या स्टेशनच्या आवाजात उत्तरही स्वतःच द्यायचे. पुढच्या स्टेशनचा मास्तर किंचित आळशी असावा. तो जांभया देत बोलायचा. एकदा तर दोघांचं भांडण झालं आणि आमची गाडी वीस मिनिटं उभी. मी म्हटलं, "काका, चला ना, ऊन चढतंय." ते फोनच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "काहून घाई करून राहिला बे? त्यानं लाइन क्लिअर दिली नाही अजून."

अशा चालीनं आम्ही सात मैलांच्या पुढे कधी गेलोच नाही. सातव्या मैलाला ऊन डोक्यावर यायचं आणि गाडी परतीला लागायची. जूनच्या शेवटी एकदा तिथल्या बाकावर आम्ही पुरीभाजी खात बसलो होतो. मी चेष्टेनं म्हटलं, "काका, तुमची लाइन सात मैलांचीच दिसते." ते हसले नाहीत. पुरीचा तुकडा डब्यात ठेवून म्हणाले, "चौतीस वर्षं मी लोकांना हिरवा झेंडा दाखवला. गाड्या गेल्या. मी प्लॅटफॉर्मवर उभा. आपली लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एकदाही नाही पाहिली, सांगितलं तर खरं वाटणार नाही. मंजिरीच्या आईला कबूल केलं होतं, रिटायर झालो की दोघं पहिल्या स्टेशनवर बसू आणि शेवटच्या स्टेशनवर उतरू. मी रिटायर व्हायच्या आधीच लाइन बंद झाली. मग ती गेली." पुढे म्हणाले, "ही सतरा मैलांची आहे म्हणतात. एकदा शेवटपर्यंत जायचं आहे मला. एकदाच. परत जायच्या आत."  मी डबा बंद केला आणि त्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा पहिल्यांदा मला लाज वाटली नाही.

आणि नेमकी जुलैत माशी शिंकली. एका डब्ल्यूच्या दगडापाशी काका शिट्टी तोंडात घालायला गेले, हॅण्डल सुटलं आणि इंजिन सोयाबीनमध्ये. लागलं फार नाही, कोपर सोललं, गुडघा सुजला. पण मंजिरीनं जो अवतार धारण केला तो मी कधी पाहिला नव्हता. "सहासष्ट वर्षांचे आहात तुम्ही! इथे पाय मोडला तर व्हिजिटर इन्शुरन्स काय कव्हर करतो माहितीये? आणि काय रे, तुला अक्कल नाही?" मला खरोखर नव्हती. ती रागावली होती, पण ओरडता ओरडता त्यांचं कोपर पुसत होती. दीड वर्षापूर्वी आईच्या वेळी ती वेळेवर पोचू शकली नव्हती, हे मला माहीत होतं. सायकल माझ्या बाल्कनीत जप्त झाली. फ्रिजवरच्या वेळापत्रकात काकांच्या सुंदर अक्षरात ओळ आली: सायकल गाडी पुढील सूचना मिळेपर्यंत रद्द. काकांनी कुरकुर केली नाही. पण सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी त्यांनी स्कूलबसची वेळ लिहिली नाही, आणि ती ड्रायव्हरबाई मला पार्किंगमध्ये गाठून विचारायला लागली, "इज ही ओके?"

सप्टेंबरातल्या एका बुधवारचं त्यांचं परतीचं तिकीट होतं. आदल्या शुक्रवारी ते माझ्या दारात आले. हातात रॅकेटचं कडं. म्हणाले, "उद्या पोरगी नातवाला पोहायला घेऊन जाणार आहे." इतकंच. मी म्हटलं, "काका, मला पोळीभाजी बंद होईल." ते म्हणाले, "तुला मी साबुदाण्याची खिचडी शिकवतो." आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मंजिरीला लायब्ररीत जातो सांगून शनिवारी सकाळी आम्ही सायकली गाडीला बांधल्या. इतके महिने इतके नियम पाळलेला माणूस मुलीशी खोटं बोलला होता, आणि त्याचा त्रास त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण सातवा मैल मागे पडला आणि तो चेहरा मोकळा होत गेला. आठवा, नववा. मका पिवळा पडायला लागला होता. एका ओढ्यावरच्या जुन्या लोखंडी पुलावरून जाताना ते ओरडले, "ऐक, ऐक, आवाज ऐक!" फळ्यांवर चाकांचा खडखडाट होत होता. "गाडीचाच आहे ना?" गाडीचाच होता. बाराव्या मैलाला माझ्या लक्षात आलं, की आपली मोटार सुरुवातीच्या डेपोपाशी आहे आणि सतरा मैल गेल्यावर सतरा मैल परतही यावं लागणार. दोघांनाही हे आधी सुचलं नव्हतं. मी ते गिळून टाकलं.

तेराव्या मैलाच्या क्रॉसिंगला घात झाला. काका उतरले, कडं गवतात ठेवून घाम पुसत होते. एक सोनेरी केसांचं आडदांड कुत्रं मालकिणीच्या हातातून निसटून आलं, त्यानं मोजा तोंडात धरून हिसडला, आणि बॉलसकट मक्यात पसार. मालकीण "सॉरी, सॉरी" करत त्याच्या मागे मक्यात. दहा मिनिटांनी दोघं बाहेर आली, बॉल नव्हता. त्या बाईनं काकांना नवीन बॉल घ्यायला डॉलर देऊ केले. काकांनी तिला विनयानं सांगितलं, "मॅडम, नॉट बॉल. टोकन." ती गेल्यावर ते बाकावर बसले. मी म्हटलं, "चला काका, चार मैल राहिले."

"टोकन हरवलं. गाडी पुढे जात नाही."

"अहो काका, टेनिसचा बॉल होता तो!"

"गोळा हरवला तर कागदावर लाइन क्लिअर लिहून घ्यावी लागते. पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो. दोन आकडी. त्याच्या यादीतला. एकदा दिला की खोडायचा, पुन्हा आयुष्यात द्यायचा नाही."

"मग द्या ना तुम्हीच. तो जांभया देणारा मास्तर आहे की."

"स्वतःचा नंबर स्वतःला नाही देता येत," काका म्हणाले. "दोन माणसं लागतात. त्याच्यासाठीच तर नियम आहे."

"मी देतो."

"तू गाडीतच आहेस. पुढच्या स्टेशनवर कोण आहे?"

पुढच्या स्टेशनवर कुणीच नव्हतं. मला राग आला, खूप आला. चार मैल! हात जोडले, चिडलो, शेवटी मीही बाकावर बसलो. काका रिकामं कडं मांडीवर घेऊन वाटेच्या पुढच्या टोकाकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुझा फोन दे." मी विचारलं, कुणाला लावताय? म्हणाले, "रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेलं एकच माणूस आहे या देशात." माझ्या पोटात गोळा आला, हरवला होता तो वेगळा. सिग्नलसाठी मी त्यांना बाकावर उभं केलं आणि खालून धरून ठेवलं. मंजिरीचा आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता. "बाबा? लायब्ररीत आहात ना तुम्ही? हा वारा कसला? बाबा, कुठे आहात?"

काकांनी घसा साफ केला. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, सरळ, कोरडा, ड्यूटीवरचा. "तेरा मैल स्टेशनवरून बोलतोय. गाडी उभी आहे. टोकन हरवलं आहे. कागदी लाइन क्लिअर पाहिजे." आणि मग आवाज थोडा हलला. "लायब्ररी खोटं होतं, बेटा. लाइन क्लिअर दिली नाही तर गाडी इथूनच परत फिरवतो. तू सांगशील तसं."

 पलीकडे पोहण्याच्या तलावाचा गलका, पोरांचा आरडाओरडा.  मग मंजिरी बोलली, आणि तिचाही आवाज बदलला होता. लहानपणी दप्तर ठेवून वडिलांच्या ऑफिसात फोनशेजारी बसणारी मुलगी बोलत होती. "गाडीत किती डबे?"

"इंजिन धरून दोन."

"ड्रायव्हरची तब्येत?"

"ठीक. गुडघा थोडा दुखते."

"पुढचं स्टेशन मी घेते. मी तिथे पोचते. गाडी हळू चालवा." तिचा आवाज फुटला, तिनं तो सावरला. "प्रायव्हेट नंबर लिहून घ्या. सत्तेचाळीस. चार, सात."

"चार, सात. सत्तेचाळीस," काका म्हणाले आणि बाकावरून उतरले. माझ्या खिशातल्या ग्रोसरीच्या पावतीमागे त्यांनी सगळं लिहिलं, वेळ टाकली, सही केली, घडी करून छातीच्या खिशात ठेवली. मग नाक पुसलं. मला म्हणाले, "चल. एलव्ही नीट लाव."

शेवटचे चार मैल आम्ही तासाभरात केले. जिथं वाट संपते तिथं एक लाकडी फाटक आहे, बाकी काही नाही, पार्किंग आणि एक नळ. फाटकाशी मंजिरी उभी होती, केस ओले, हातात हिरवी ओढणी. पोरगा शेजारी टॉवेल गुंडाळून. काका हसले नाहीत, हात हलवला नाही. सरळ तिच्यापर्यंत गेले, उतरले, खिशातला कागद काढून दिला. तिनं तो उघडून वाचला. मग ती मागे वळून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता बसणार एक. तिनं मला खांद्याला धरून फिरवलं, पाठीवरचा पुठ्ठा पाहिला आणि वडिलांना ओरडून सांगितलं, "एलव्ही आहे बाबा. गाडी पूर्ण आली." मग मात्र दोघं एकमेकांना धरून रडली. पोरगा मला म्हणाला, "व्हाय आर दे क्राइंग?" मी म्हटलं, "बिकॉज दे आर ऑन टाइम." आणि मीही रडलो, खोटं कशाला बोलू? शिव्या मला परत येताना गाडीत मिळाल्या, पाऊण तास भरून.

काका बुधवारी नागपूरला परत गेले. नंतर गुडघे बिघडले, प्रवास जमेना, ते पुन्हा आले नाहीत. पण दर उन्हाळ्यात शनिवारी सकाळी त्या वाटेवर निघण्यापूर्वी मी डेपोपाशी उभा राहून नागपूरला फोन लावायचो. तिथं संध्याकाळ असायची. मका किती वाढला, पुलाच्या फळ्या बदलल्या का, सगळं विचारून झालं की ते वहीतल्या यादीतला नंबर द्यायचे. मी लिहून घ्यायचो, ते खोडायचे. तीन उन्हाळ्यांत एकही नंबर दुसऱ्यांदा आला नाही. दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये मी फोन केला तर त्यांनी दोनदा विचारलं, "कोण बोलून राहिलं?" मी सांगितलं, गार्डाचा डबा. मग ओळख पटली, हसले. मका किती वाढला ते विचारलं, थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं. वही सापडत नव्हती. म्हणाले, "राहू दे, पाठ आहे मला. लिही. सत्तेचाळीस."

माझ्या हातात पेन्सिल होती. एकदा दिलेला नंबर पुन्हा आयुष्यात द्यायचा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.  "काका," मी म्हटलं, आणि लिहून घेतलं. "चार, सात. सत्तेचाळीस. बरोबर."

"मग निघ," ते म्हणाले. "लाइन क्लिअर आहे."

मी कागदावर वेळ टाकली, पाठीवरचा पुठ्ठा चाचपून पाहिला आणि निघालो.